आजोबा महाडला गेले नव्हते



आपल्यापैकी पुष्कळांनी केव्हा ना केव्हा हा कागद लिहिलेला असेल. घरातील वडीलधारे माणूस निवर्तले, किंवा त्याचा स्मृतिदिन आला, की पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेबरोबर त्याचा जीवनपट छापून वाटायचा, असा प्रघात आता आपल्या गावोगावी पडला आहे. प्रघात चांगला आहे. ज्यांचा जन्म गावाने चावडीच्या वहीत एका ओळीत उरकला, त्यांच्याविषयी नातवंडांनी पान-दोन पाने लिहिली तर त्यात वावगे काय? मीही माझ्या आजोबांचा असा जीवनपट लिहिला. त्यात दोन वाक्ये खोटी होती. लिहिताना ती खोटी आहेत हे मला ठाऊक नव्हते. पण ती खरी आहेत हेही मला ठाऊक नव्हते. ह्या दुसऱ्या गोष्टीला काय म्हणायचे, हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

पहिले वाक्य असे होते : “१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात सक्रिय सहभाग.” हे मी कोठून आणले? जयंतीच्या एका सभेत माझ्या चुलतभावाने तसे सांगितले होते. त्याला कोणी सांगितले, हे त्यालाही आठवत नव्हते. आजोबा त्या वेळी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते, अंगाने धडधाकट होते, सातारा जिल्ह्यातले होते. मग ते महाडला गेले नसतील तर कोण गेले असेल? असा हा हिशेब. वाचकहो, तुम्हीही आपल्या ओळखीच्या दहा घरी विचारून पाहा. निदान पाच-सहा घरांचे आजोबा तरी चवदार तळ्यावर असतील. तितकी माणसे त्या तळ्याच्या काठावर मावली असती काय, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही.

छपाईला देण्यापूर्वी मी तो कागद आत्याला वाचून दाखविला. आत्या नव्वदीला टेकलेली आहे. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. ती पहिल्याच वाक्याला हसली.

“महाडला? आरं पोरा, आबा कुठनं जाईल महाडला? दादा पोटात हुता त्या सबंध सालाला आपल्या घराकडं येसकरकीची पाळी हुती. आई जल्मभर सांगायची. पाळीचा येसकर गाव सोडून गेला तर पाटील सोडंल व्हय?”

दादा म्हणजे माझे वडील. मी तहसील कचेरीतून त्यांच्या जन्माच्या नोंदीचा उतारा काढला. कोतवाल बुक मोडीत होते, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला. नोंदीत मुलाचे नाव नाही. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढेच. तारीख डिसेंबर १९२७ ची. महाडची पहिली परिषद १९ व २० मार्च १९२७ ची, आणि मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबरला. म्हणजे आजी गरोदर राहिली तेव्हापासून बाळंत होईपर्यंतचे जे दिवस, तेच नेमके महाडच्या दोन परिषदांमधले दिवस. आत्याचे म्हणणे खरे निघाले. कबूल करतो, तो डिसेंबर पाहताच माझ्या मनात दुसरेच वाक्य तयार झाले : “मनुस्मृतीच्या दहनाच्या महिन्यात पुत्रप्राप्ती.” वाक्य खोटे नाही. पण त्या घरात, त्या रात्री, त्या दहनाची वार्ता कोणाला होती?

आता ही येसकरकीची पाळी म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगितले पाहिजे. महारकीचे वतन १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेले होते. भावकीतील घरांनी पाळीपाळीने गावकी करायची. ज्याची पाळी असेल त्याने वर्षभर चावडीपुढे हजर राहायचे. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवायचे, वसूल तालुक्याला न्यायचा, आल्या-गेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, मयताची बातमी पै-पाहुण्यांना सांगायला कोसन् कोस चालायचे, रात्री गस्त घालायची. ह्याला वेळ नव्हती. करता पुरुष घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जायचे. बदल्यात थोडी इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते आणि घरोघर मागून आणलेल्या भाकरी. काम सोडले तर जमीन जाणार, आणि ती एकट्याची नव्हे, साऱ्या भावकीची. पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते ह्याच जाचासाठी. ते पार पडले नाही. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ साली. जमीन परत आपल्या नावावर करून घ्यायला तेव्हाही कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. माझ्या आजोबांच्या आयुष्यातील तीसहून अधिक वर्षे ह्या दोन सालांच्या मध्ये गेली.

तर मग १९२७ हा आजोबांच्या आयुष्यातील टप्पा नव्हे काय? आहे. पण तो महाडचा टप्पा नाही, तो पाळीचा टप्पा आहे. इतिहासात त्या साली महाड घडले हे खरे, आणि आजोबांच्या पायांना त्या साली गाव सोडता आले नाही हेही खरे. ही दोन्ही सत्ये शेजारी शेजारी ठेवली म्हणजे महाड कशासाठी घडले ते अधिक समजते. आजोबांना महाडला नेऊन बसविले म्हणजे मात्र ते समजेनासे होते. जे गेले त्यांचे धैर्य आणि जे जाऊ शकले नाहीत त्यांची बेडी, दोन्ही एका खोट्या वाक्याने पुसून जातात.

येथे कोणी म्हणेल, “एवढ्याशा कागदाचे काय घेऊन बसलात? आजोबांचा गौरवच झाला ना!” हा आक्षेप मला माझ्याच घरात ऐकावा लागला. त्याचे उत्तर मी बावीस प्रतिज्ञांतून देतो. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी आपण प्रतिज्ञा केली आहे. का केली? मेलेल्या माणसाला आपल्या हातच्या भाताच्या गोळ्याने काही पोहोचते, ह्या समजुतीत मेलेल्याचे काहीच नसते; असते ते जिवंताचे समाधान आणि मध्यस्थाची दक्षिणा. मग ज्या आजोबांनी केले नाही ते त्यांच्या नावावर लिहून पत्रिका वाटणे, हे काय आहे? हा शाईचा पिंड आहे. तोही आजोबांना पोहोचत नाही. तो आपणच खातो, सभेत, व्यासपीठावर, पहिल्या रांगेत बसून. त्याच प्रतिज्ञांमध्ये खोटे न बोलण्याचीही एक आहे. ती जिवंत माणसांशी बोलतानाच पाळायची, मेलेल्यांविषयी बोलताना सूट आहे, असे कोठेही म्हटलेले नाही.

बाबासाहेबांनी स्वतःच्या घराविषयी कसे लिहिले ते पाहा. उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला राहून पुढे साताऱ्यास आले. तेथे त्यांना सरकारी बांधकाम खात्यात कोठीवाल्याची नोकरी मिळाली. १८९६ साली साताऱ्यातच भीमाबाई वारल्या; धाकटा भीम तेव्हा पाच वर्षांचा होता. त्या सालचा पाऊस फसला आणि पुढे दुष्काळ पडला. त्याच सालच्या सप्टेंबरात मुंबईला प्लेग सुरू झाला. ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ लिहिणाऱ्याला येथेच मोह होईल, की भीमाबाईंच्या मृत्यूला दुष्काळ नाही तर प्लेग चिकटवून टाकावा. पण साल एक असणे हे कारण नव्हे. आई गेली, पोर लहान होते, आत्या मीराबाईंनी सांभाळले, एवढे आपण जाणतो. एवढे पुरे आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले. रजिस्टरात नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे. ज्या राजवाड्यात ती शाळा भरे तो छत्रपतींचा. त्यांचे राज्य १८४८ साली इंग्रजांनी खालसा केले, आणि शाळेला पुढे प्रतापसिंह महाराजांचेच नाव मिळाले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. एका ओळीच्या नोंदीला असे भाग्य क्वचितच लाभते.

त्याच सुमारास रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला गेले. दुष्काळात लोक हजारोंनी मरत होते, त्यांना काम म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. रामजी त्या कामावर खजिनदार होते. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना भेटीला बोलावले. साताऱ्याहून आगगाडीने मसूर, आणि तेथून बैलगाडी. ती कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला, गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली, आणि रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही.

ही कथा आपण अन्यायाची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण बाबासाहेबांनी ती १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहिली तेव्हा तिच्यात काय काय ठेवले, हे तुम्ही कधी बारकाईने पाहिले आहे काय? घ्यायला कोणी आले नाही, ते नोकराने पत्र देण्याची आठवण न ठेवल्यामुळे. हे त्यांनी लिहिले. म्हणजे त्या दिवशीच्या हालांत आपल्याच घरच्या एका विसराळूपणाचाही वाटा होता, हे लपविले नाही. आणि जकात नाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागताना नऊ-दहा वर्षांच्या भीमाने आपण मुसलमान आहोत असे सांगितले, संशय येऊ नये म्हणून उर्दूत बोलला, तरीही पाणी मिळाले नाही; हेही लिहिले. ज्या पुरुषाला साऱ्या देशाला आपल्या अपमानाचा जाब विचारायचा होता, त्याने स्वतःच्या बालपणीचे खोटे बोलणे खोडून टाकले नाही. टाकले असते तर कथा काही कमी करुण झाली नसती. पण मग ती कथा त्या मुलाची राहिली नसती. तहानेने पोर खोटे बोलते, ह्यात पोराची लाज नाही. ज्या व्यवस्थेत पाण्यासाठी नाव बदलावे लागते तिची लाज आहे. ती लाज आपल्याला दिसते, कारण ते खोटे त्यांनी खरेपणाने नोंदविले.

आणि रामजींच्या बाजूनेही एकदा पाहा. पन्नाशी उलटलेला, पत्नी गेलेली, सुभेदार म्हणून मान मिळविलेला माणूस दुष्काळी कामावर मजुरीचे पैसे मोजतो आहे. महारांची लष्करभरती त्याआधीच बंद झालेली. ज्या वाटेने तो स्वतः वर आला ती वाट त्याच्या मुलांना मोकळी नाही. पाठविलेले पत्र घरातच पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पोरे तहानलेली दारात उभी राहिली, तेव्हा त्या बापाला काय वाटले असेल? हे कोणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून मीही लिहीत नाही. पण प्रश्न मनात ठेवावा. पार्श्वभूमीचा उपयोग हाच. ती माणसाच्या मनातले आपल्याला सांगत नाही. त्याच्यासमोर कोणती दारे उघडी होती आणि कोणती बंद, एवढेच दाखविते.

आता माझे दुसरे खोटे वाक्य. “१९३५ साली येवल्याच्या घोषणेने प्रेरित होऊन मृत जनावरे ओढण्याचे काम सोडले.” ह्यातील पहिल्या भागावर माझा इतका विश्वास होता, की तो तपासावा असेही वाटले नाही. आजोबांनी ढोरे ओढणे सोडले हे गावात सर्वांना ठाऊक होते. त्यासाठी बलुते बंद झाले, दोन हंगाम घर उपाशी राहिले, हेही ठाऊक होते. साल कोणते? आत्याच्या जन्माचे, १९३५. आणि १९३५ म्हटले की येवला! पण आत्या म्हणाली, “मी सव्वा म्हैन्याची बी न्हवते. आई अजून बाळंतिणीच्या खाटंवर. भायेर पावसाची झड, आन् पाटलाची म्हस मेली.” आत्याची नोंद जून १९३५ ची आहे. म्हणजे ही गोष्ट जुलैच्या आसपासची झाली. येवल्याची परिषद १३ ऑक्टोबरची. जी घोषणा अजून झालीच नव्हती तिने प्रेरणा कशी दिली?

मग सोडले कशाने? आत्याने आईकडून ऐकलेले असे : घरात बाळंतीण, दाणा नाही, म्हणून आजोबांनी पाटलाकडे पायलीभर जोंधळा आगाऊ मागितला. पाटलाने दिला नाही, वर शिवी दिली. दुसऱ्या दिवशी म्हैस मेली आणि बोलावणे आले. आजोबा गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही गेले नाहीत. मग कधीच गेले नाहीत.

हे ऐकून मी हिरमुसलो. येवल्याच्या ऐवजी पायलीभर जोंधळा! पण विचार करताना लक्षात आले, की हिरमुसण्याचे कारण काहीच नाही. शिव्या तर त्यापूर्वीही मिळत होत्या. आजोबांच्या बापाला आणि त्याच्याही बापाला मिळत होत्या. ते गेले नाहीत असे झाले नव्हते. महाडच्या मार्च महिन्यातील भाषणात बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा म्हणून सांगितले त्याला तोवर आठ वर्षे झाली होती. ते सांगणे मुंबईच्या गिरण्यांतून सुटीवर येणाऱ्या माणसांच्या तोंडी खेड्यांत पोहोचत होते. आमच्या वाड्यात ते पोहोचले होते की नाही, हे आत्याला ठाऊक नाही. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला तो एवढ्यासाठीच, की एका कार्याला एकच कारण शोधत बसू नये. कारणांचा मेळ पाहावा. पण त्याच शिकवणीचा दुसराही अर्थ आहे, आणि तो आपण विसरतो : ज्याचा संबंध दाखविता येत नाही त्याला कारण म्हणू नये. दोन गोष्टी एका वर्षी घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडविली असे होत नाही. तसेच, आजोबांचे काम सोडणे येवल्याच्या आधीचे आहे हे कळल्याबरोबर, “येवल्याच्याही आधी!” म्हणून दवंडी पिटावी, असेही क्षणभर मला वाटले. तीही तीच हाव, फक्त उलट्या बाजूने.

कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण ब्राह्मणी पुराणांवर नेहमी चालवितो : परंपरेने आले म्हणून मानू नका, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका. आपल्या घरच्या पुराणांवर ते कधी चालवायचे?

परंतु येथे एक दुसरा धोका आहे, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. आजोबांना खोटे मोठे करायचे नाही म्हटले, की काही शिकलेले तरुण त्यांना लहान करायला निघतात. माझ्या एका पुतण्याने विचारले, “म्हणजे देशात महाड पेटले असताना आजोबा पाटलाच्या दारात काठी घेऊन उभे होते?” होय, होते. ह्या प्रश्नात जो तिरस्कार आहे तो मला खोट्या गौरवाइतकाच असत्य वाटतो. गौरव करणारा काळ विसरतो, आणि तिरस्कार करणारा आजच्या नोकरीच्या, आजच्या घटनेच्या, आजच्या हक्कांच्या उंबरठ्यावर उभा राहून त्या काळाला जाब विचारतो. दोघेही त्या माणसाला त्याच्या जागी उभे राहू देत नाहीत.

१९४२ नंतरच्या दोन-चार वर्षांचे पाहा. आमचा तासगाव तालुका त्या वेळी पेटलेला होता. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला; पुढे कुंडल आणि आसपासची खेडी नाना पाटलांच्या प्रतिसरकारची झाली. त्याच १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले होते. आणि आजोबा? ते सरकारच्या कायद्याने बांधलेले वतनदार महार! दिवसा फौजदार आला की पहिली हाक त्यांना. रात्री दार वाजले की भूमिगतांना भाकरी बांधून द्यायची. आत्या तेव्हा सात-आठ वर्षांची होती, तिला स्वतःला आठवते, फौजदाराने विचारले की आजोबांचे एकच उत्तर असे, “म्या न्हाई बघितलं, सायेब.” मी तिला विचारले, आजोबांना स्वराज्य हवे होते म्हणून ते असे बोलत काय? ती म्हणाली, “भ्या वाटायचं. दोघांचंबी.” फितुराच्या पायाला पत्री ठोकतात अशी बोलवा होती, आणि फौजदाराच्या हातचा मार तर बोलवा नव्हती, पाहिलेला होता.

आता सांगा, जीवनपटात काय लिहायचे? ‘स्वातंत्र्यसंग्रामात सहभाग’ लिहिले तर खोटे होईल. ‘ब्रिटिश सरकारची सेवा’ लिहिले तर अक्षरशः खरे असूनही खोटे होईल. ‘असत्य भाषण’ लिहायचे? तेव्हा त्यांनी शील घेतलेले नव्हते, पण शील न घेतलेल्याचे खोटे हे खोटे नसते असे काही नाही. धम्मात कर्माचे मूळ चेतनेत मानले आहे. चेतना काय होती हे आत्या एका शब्दात सांगते : भीती. पण त्या भीतीतही रात्रीची भाकरी बांधली गेली आणि कोणाचे नाव सांगितले गेले नाही. भीतीच होती तर फौजदाराला नाव सांगून बक्षीस घेता आले असते. काहींनी तसे केलेही. तेवढी जागा त्यांना मोकळी होती आणि त्या जागेत त्यांनी ते केले नाही. माणसाची पारख करायची तर मला वाटते ह्या जागेतच करावी. भिंतींचा हिशेब त्याच्या माथी मारू नये, आणि भिंतींआड त्याला पूर्ण लपवूही नये.

अण्णा भाऊ साठ्यांचे वाटेगाव आमच्यापासून फार लांब नाही. त्यांनी ‘फकिरा’ लिहिली, १९५९ साली ती प्रसिद्ध झाली, बाबासाहेबांना अर्पण केली. तिच्यात पूर्वजाचा पराक्रम आहे आणि तो तेजस्वी आहे. पण तिने स्वतःला कादंबरी म्हटले आहे. जीवनपटाला तशी मोकळीक नाही. तो दाखल्यासारखा वाचला जातो.

दाखल्यावरून आठवले. आजोबांच्या कागदावर ‘जिल्हा सातारा’, माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘दक्षिण सातारा’, माझ्या मुलाच्या दाखल्यावर ‘सांगली’. घर तेच, लिंबाचे झाडही तेच! १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण साताऱ्याचा जिल्हा केला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले. म्हणून ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी आधी हे विचारावे, की आपले गाव त्या वेळी कोणाच्या राज्यात होते. चार कोसांवर इंग्रजांचा अंमल संपून सांगलीकर, मिरजकर, औंधकर किंवा जतकर सुरू होत असे, आणि त्याबरोबर अंमलदार आणि दप्तर बदले. आपण सरसकट ‘त्या काळी’ म्हणतो, तो काळ प्रत्येक शिवेवर थोडा वेगळा होता.

राहिला शेवटचा टप्पा, आणि तो लिहिताना मला सर्वांत अवघड गेले. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला नव्हते. गावात धम्मदीक्षेचा कार्यक्रम पुढच्या वर्षी झाला, त्यात त्यांनी हात जोडून बावीस प्रतिज्ञा घेतल्या. १९५१ च्या शिरगणतीत साऱ्या मुंबई राज्यात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १९६१ ला एकट्या महाराष्ट्रात ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. त्यांत आजोबा एक. येथपर्यंत सारे ठीक. पण १९६४ मध्ये ते वारले तेव्हा उतरंडीच्या तळच्या मडक्यात खंडोबाचा टाक सापडला.

चुलतभाऊ म्हणाला, हे लिहायचे नाही. मी आत्याला विचारले. तिला आश्चर्य वाटले नाही. तिला ते आधीपासून ठाऊक होते. “पुजत न्हवता त्यो. हळद न्हाई का कुकू न्हाई. त्याच्या आईचा टाक हुता. म्हातारी मानमोडीत गेली, तिचं तेवढंच राहिलं हुतं घरात.” मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. आजोबा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. आईची तसबीर नाही, नाव कोठल्या कागदावर नाही, लुगडे चितेवर गेलेले. चांदीचा अंगठ्याएवढा पत्रा उरला, त्यावर देव कोरलेला होता. प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तो टाकायला हवा होता, हे नियमाला धरून खरे आहे. मी त्याचे समर्थन करीत नाही. पण मी महाडविषयी खोटे लिहून आजोबांची आठवण ठेवायला निघालो होतो, आणि ते पूजा न करता, कोणाला न दाखविता, आईची आठवण मडक्यात ठेवून गेले. आम्हा दोघांत धम्माच्या अधिक जवळ कोण होते, हे ठरविणे मला अजून जमलेले नाही.

जीवनपट मी पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा तो निम्मा झाला. १९२७ : येसकरकीची पाळी, गावात. १९३५ : पावसाळ्यात ढोरे ओढणे सोडले, बलुते बंद. १९४२ ते ४६ : कोणाचे नाव सांगितले नाही. १९५७ : धम्मदीक्षा. टाकाचेही एक वाक्य घातले. चुलतभाऊ दोन महिने बोलला नाही, मग पन्नास प्रती मागून घेऊन गेला.

छापून आल्यावर आत्याला वाचून दाखविला. तिने सगळा ऐकला, मधे काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “समदं लिवलंस, आन् काठीचं घुंगरू न्हाई लिवलंस. आबा वाड्यात शिरायच्या आदी त्ये वाजायचं. म्या त्याच्यावरनंच वळखायची, आबा आला म्हनून.”